वरच्या पानाचा वास

६ जानेवारी, रोहा

दादा बोटीवरून आला. वाटेत पेण लागतं, तरी आईकडे न उतरता थेट माझ्याकडे. तेव्हाच वाटलं, काहीतरी आहे.

बोंबलाचं कालवण केलं होतं. एरवी चप्पल काढता काढता ओळखतो, आज ताटात पडेपर्यंत गप्प. जेवून झाल्यावर म्हणाला, "बाय, मला वास येत नाय." बोटीवर ताप आला होता, तेव्हापासून. "आयेला बोलू नको."

७ जानेवारी

चहाच्या वेळी सगळं नीट सांगितलं. बोट पर्यटकांची. तिथल्या सिगारच्या खोलीत दादा वेटर. ती खोली सांभाळणारा जुना साहेब आता निवृत्त होतोय. परत गेल्यावर परीक्षा आहे: नावं झाकलेल्या तीन सिगारी, फक्त हुंगून ओळखायच्या. जमलं तर खोली दादाच्या ताब्यात, नाही तर परत जेवणाच्या हॉलमध्ये.

"पन्नाशीत ट्रे घेऊन जिने चढू काय गो मी?"

वासाचं कंपनीत कुणाला माहीत नाही.

१० जानेवारी

पेणला डॉक्टरांकडे. परत येईल, कदाचित अर्धाच येईल, सांगता येत नाही म्हणाले. रोज ओळखीचे वास घ्यायचे. ओढायचं काही नाही.

घरी आल्यावर दादाने सरावाच्या सिगारी काढल्या. मला वाटायचं सिगार म्हणजे नुसता तंबाखू. तर आतला माल तिन्हींत एकच. वर गुंडाळलेलं शेवटचं पान तेवढं वेगळं. फिकट पान कापडाच्या सावलीत वाढवलेलं: वाळल्या पेंढ्याचा वास, चव दुधासारखी. तांबूस पान उन्हातलं: मिरी, नाकात चढणारी. काळपट पान ढिगात जास्त मुरवलेलं: गूळ, भाजलेली कॉफी.

"गिऱ्हाईक म्हणतं, तंबाखू भारी हाय. भारी असतंय ते वरचं पान."

किती छान सांगतो! पण आठवून सांगत होता. डोळे मिटायला लावून फिकट हातात दिली. बराच वेळ हुंगून म्हणाला, "गूळ?" नाही म्हणताना जिवावर आलं. खोटं बोलून तरी काय करणार.

तिन्हींतली एकेक बरणीत बंद करून माझ्या कपाटात ठेवून बाकीच्या घेऊन आईकडे गेला.

१५ जानेवारी, आईकडे

सिगार वाळली की वरचं पान तडकतं, म्हणून दादाने प्लास्टिकच्या डब्यात सिगारींशेजारी वाटीभर ओलं मीठ ठेवलंय. ओलावा राहतो म्हणे. आईचा जन्म मिठागरात गेला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"मिठानं वस्तू वाळते, का ओली राहते?"

"आये, ओलं मीठ ओल धरून ठेवतंय."

"मला मीठ शिकव तू!"

जेवताना मात्र चिडली. "बोटीवरचं खाऊन आता आयेच्या हातचं बेचव लागतंय याला." दादा खाली मान घालून जेवत राहिला.

२१ जाने., रोहा

दादाचा फोन. लवंगेचं आज काहीतरी जाणवलं, "लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं". बाकी काही नाही. सिगारी मुक्याच.

विलास सेकंड शिफ्टला निघता निघता फोनवर ओरडला, "दादा, आमच्या केमिकलवाल्यांकडे या! वास न येणाऱ्याला आधी घेतील." दादा खूप हसला. नवऱ्याचे विनोद एरवी मला सोसत नाहीत. आज सोसला.

२५ जाने., आईकडे

आजचा दिवस!

सकाळी सराव. दादाचे डोळे टॉवेलने बांधले. सिगारी आईकडून मागून घेतल्या, तिने स्वयंपाकघरातून आणून दिल्या. एक हातात दिली. दादाने नाकाशी नेली, लांब केली, परत नेली.

"बाय, ही कुठली?"

"तूच सांग."

"ही सुकटीची हाय."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याने टॉवेल ओढून काढला. "सुकट, बाय! सुकटीचा वास येतोय मला!"

आई आतून, "मग येणारच! मुंग्या लागल्या तुझ्या त्या डब्याला. म्हणून माझ्या सुकटीच्या डब्यात ठेवल्या, तिथं मुंगी शिरत नाय."

दादाने जाऊन तिला मिठीच मारली. "सोड रं! येडा झालास काय?"

मग त्याने सगळं सांगितलं. आई बराच वेळ सुकट निवडत बसली. "म्हणून जेवत नव्हतास. आनि मी आपली बोलतेय." दुपारी सुकटीची चटणी, भाकरी. दादाने तीनदा मागून घेतली.

सिगारी सगळ्या वाया. दादाला त्याचं काहीच नाही. "वरचं पान असंच असतंय गो, शेजार धरतं."

१ फेब्रु., आईकडे

पोपटी लावली, वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळात. शेंगांभोवती घालायचा भांबुर्डीचा रानपाला कमी पडला, म्हणून दुसऱ्या मडक्यात केळीची पानं. वाल तेच, मीठ-ओवा तोच.

विलासने दादाचे डोळे झाकून शेंगा पुढे केल्या. भांबुर्डीची लगेच ओळखली. केळीच्या पानातली हातात घेऊन थांबला. "काय तरी गोडसर... नाय. नाय कळत."

म्हणजे मोठे वास आलेत, बारीक अजून वाटेत.

भांबुर्डी आपण खात नाही. पोपटी झाली की तो काळा पाला उकिरड्यावर. इतकी वर्षं पोपटी खाल्ली, पण चव कुणाची ते कधी मनात आलं नाही. आज फेकताना ओंजळभर नाकाशी धरला.

८ फेब्रु., रोहा

दादा गेला. पेण स्टेशनवर पोचवायला गेले होते. कपाटातल्या तीन सिगारी रुमालात बांधून नेल्या. गाडीला वेळ होता. दादाने आपणहून डोळे मिटले. मी एक दिली.

इतका वेळ लावला की बाकावरची बाई आमच्याकडे बघायला लागली.

"पेंढा," म्हणाला. मग, "का मला तसं वाटायला पायजे म्हणून वाटतंय?"

मी तोंड उघडलं, तर हात वर केला. "सांगू नको गो. तिथं कोन सांगनार हाय?" डोळे न उघडताच सिगार रुमालात परत ठेवली, इतर दोन्हींत मिसळली, गाठ मारली आणि मग माझ्याकडे बघून हसला.

आता घरी. आईचा फोन येऊन गेला, बॅगेत सुकट दिलीय म्हणे, घट्ट डब्यात.

ती फिकटच होती. माझ्या बोटांना अजून वास आहे.