आठ महिन्यांच्या नातवानं मला परकं ठरवलं

नांदेड, मंगळवार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या ईश्वरप्पाचा शरणार्थ. मुरुडच्या डॉक्टरचं तेल तुझ्या गुडघ्याला लागू पडलं का, कळव. माझी तब्येत बरी आहे, इज्जत तेवढी बरी नाही. (फोनवर बोललं की सगळं घर ऐकतं, म्हणून हा कागद.)

एवढ्या हौसेनं नातू बघायला आलो, तर मला बघताच त्यानं भोकाड पसरलं. औशाच्या बसस्टँडवर मी तीस वर्षं कंट्रोलर होतो. ड्रायव्हर मला टरकून असायचे, पण रडलं कुणी नाही. सूनबाई वर्षाराणी म्हणते, डॉक्टरीणबाई खूश आहेत, लेकराला आपलं-परकं कळायला लागलं. म्हणजे परका मी. पेढे वाटायचे तेवढे बाकी आहेत.

वरून कायदे. लेकरू कुंई करताच उचलायचं, डोळ्यांत बघून बोलायचं. पहिल्या वर्षात माणसांवर भरवसा बसला तर तो जन्मभर पुरतो म्हणे. आपला मृत्युंजय, चांगला इंजिनिअर माणूस, माझ्यादेखत पोराला छातीशी धरून घरभर फिरतो. आपल्या वेळी वडिलांसमोर स्वतःचं लेकरू उचलणं म्हणजे बेशरमी, म्हणून मी तर मृत्युंजयला कधी घेतलंच नाही. जेवताना तसं बोललो, तर म्हणाला, "हाव बाबा, ठाऊक हाय." एवढंच बोलून जेवत राहिला. (मला पुढं भाजी गेली नाही.)

शनिवारी दोघं तासाभरासाठी बाहेर गेली आणि लेकरू रडायला लागलं. म्हटलं रडू दे, रडल्यानं छाती भरते. दहा मिनिटं रडलं, मग गप झालं. मी जिंकलो म्हणून बघायला गेलो, तर झोपलेलं नव्हतं. भिंतीकडं तोंड, डोळे टक्क उघडे. हाक मारली तरी वळून बघेना. आठ महिन्यांच्या माणसानं एवढं समजूतदार व्हावं, याचा मला फार राग आला. उचललं. घामानं भिजलेलं होतं. दोन हुंदके दिले, माझा कान घट्ट धरला आणि सोडेना. दोघं परत आली तेव्हा मी तसाच उभा होतो, पाय बधिर झालेले.

असा इथला जुलूम. एक दिवस जास्त राहायची इच्छा नाही.

तुझा,
ईश्वरप्पा

ता. क. रविवारी मला औशाला परत पोचवायचं ठरतंय. तू मृत्युंजयला फोन करून सांग, घराची फरशी उखडून ठेवलीय, दिवाळीपर्यंत ईश्वरप्पाला तिथंच राहू दे.

आणखी एक. मृत्युंजय एवढा होता तेव्हा तू वर्षभर आमच्याकडं होतीस. तो रडला की कुणाकडं जायचा? मला आठवेना. त्याची माय असती तर तिलाच विचारलं असतं. खरं काय ते लिही.