आमच्यात कुणाला नाही

३ डिसेंबर
ठकी पुन्हा खोकतेय. ताप नाही, सर्दी नाही, नुसता कोरडा खोकला. चादर झटकली की सुरू! सासूबाई म्हणतात मीच पोरीला थंड पाणी पाजते. मी पाजत नाही.

५ डिसेंबर
डॉक्टरकडे गेलो, मी आणि सासूबाई. ह्यांना काम होतं म्हणे. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जीचा खोकला आहे, धूळ सोसत नाही. असल्या सगळ्याच पोरांना दमा होत नाही, पण काहींना होतो. आईबापाला असला तर भीती जास्त, मग आत्ताच पंप सुरू करू. घरात कुणाला आहे का?
मी तोंड उघडायच्या आत सासूबाई — "आमच्यात कुणाला नाही. हिच्या माहेरचं विचारा."
माझ्या माहेरीही नाही. तेच सांगितलं. मग नुसतं औषध दिलं. छातीत शिट्टी वाजली तर लगेच आणा म्हणाले.

६ डिसेंबर
शिट्टी कशी असते ते विचारायचंच राहिलं. येता-जाता तिच्या पाठीला कान लावते.

९ डिसेंबर
सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, हिच्या आईनं लेकीबरोबर खोकला आंदण दिलाय. हे तिथंच बूट घालत होते. एक शब्द नाही! मी बोलले तर म्हणे, "जाऊ दे गं, आईचा स्वभाव." ह्यांची पाठ तेवढी दुखते. लग्नापासून भिंतीला टेकून बसूनच झोपतात. दुसऱ्याचं दुखणं कुठं कळणार!

१२ डिसेंबर
तरी पंप आणू का, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पंपवाली पोरगी कोण करून घेणार? ठकी सहा वर्षांची आहे!
ह्यांनी आणखी आमटी मागितली.

१४ डिसेंबर
हे दुपारी माळ्यावरच्या जुन्या गोधड्या काढत होते. ठकी खाली उभी. खोकली — आणि थांबेचना. शिट्टी ऐकली मी. कान लावावा लागला नाही. ओठ काळेनिळे. मी नुसती ओरडत होते.
ह्यांनी उडी मारली, डब्याच्या पिशवीतून पंप काढला. हलवला. "श्वास सोड. आता ओढ. धरून ठेव." अगदी रोजचं असल्यासारखं.
मग दवाखाना. आता बरी आहे, ठेवून घेतलंय.
सासूबाईंना विचारलं, कधीपासून आहे ह्यांना? म्हणाल्या, "लहानपणापासून. सांगितलं असतं तर तू केलं असतंस का लग्न?"

१५ डिसेंबर
नर्स ठकीला पंप ओढायला शिकवत होती. ठकी म्हणाली, मला येतो. बाबा देतात ना, कधीपासून! आईला सांगायचं नाही म्हणाले.
मग मी दिसले तिला. घाबरली.
मला घाबरली!