मेजर पाठवलात, भुंकणं तिकडेच राहिलं

मु. पो. कोंडशेत, ता. संगमेश्वर
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप काशीराम भावोजी यांच्या पायांवर महिपतचं डोकं (हल्ली ते ठिकाणावर असतंच असं नाही, पण जेवढं आहे तेवढं ठेवलं आहे).

इकडे सगळे खुशाल. आमच्या मंडळींची म्हणजे तुळसाची कंबर बरी आहे, म्हैस गाभण आहे, भात भरडून आणलं. फक्त माझा घसा बसला आहे. तो कशाने बसला ते पुढे लिहितोच, पण तेवढा भाग आमच्या गंगुअक्काला वाचून दाखवू नये. धाकटा भाऊ पोस्टमास्तर आहे असं ती चाळीत सांगत असते, ते तसंच राहू दे. तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका म्हणून मी मागेच लिहिलं होतं, पण तुम्ही माझं कधी ऐकलंत.

आणि ऐकलंत ते एकदाच, तेही अर्धवट. श्रावणात मी लिहिलं होतं, वानरांनी परसात पपई ठेवली नाही, केळं ठेवलं नाही, काहीतरी बंदोबस्त पाठवा. माझ्या मनात फटाके होते भावोजी. दिवाळीत मुंबईला मोठे बार मिळतात ते दोन डझन. तुम्ही कुत्रा पाठवलात. तुम्ही ज्या बंगल्यावर नोकरीला, तिथले साहेब परदेशी निघाले आणि त्यांचा मेजर नावाचा अल्सेशियन फुकट मिळत होता, म्हणून तो मेहुण्याला. फुकट मिळाला म्हणून तुम्ही उद्या मला हत्तीही पाठवाल.

आपल्या वाडीतला बाबू गणपतीनंतर त्याला एस्टीने घेऊन आला. कंडक्टर आधी नाही म्हणत होता, मग कुत्र्याचं तोंड बघून त्याने मागचं अख्खं बाकडं बाबूला दिलं. संगमेश्वरच्या स्टँडवर मी उतरवून घ्यायला गेलो तर माणसं कँटीनच्या टेबलांवर चढली. उभे कान, पिवळे डोळे, मानेवर हा आयाळीएवढा केस. एकाने लांबूनच विचारलं, लांडगा हाय काय? तेव्हा मी, नाही बाबा, कुत्रा आहे, एवढंच म्हणायला हवं होतं. पण तीस वर्षं पोस्ट सांभाळतोय, आजवर माझ्यासाठी कोणी वाट सोडली नव्हती. मी म्हटलं, आजा लांडगा होता, जर्मनीतला. हा अपराध माझा, तो तुमच्यावर टाकत नाही. (बाकीचे सगळे तुमचे.)

बाबूबरोबर साहेबांचा कागद आला होता, त्यात मेजरचा आहार. रोज अर्धा किलो मटण, दोन अंडी, शेरभर दूध, माशाच्या तेलाचा चमचा आणि सकाळ-संध्याकाळ ब्रशने केस विंचरणं. भावोजी, आमच्याकडे मटण शिमग्याला होतं आणि जावई आला की होतं, त्यातही जावई न सांगता आला तर सुकट होते. पहिले दोन दिवस मेजर सुकट-भाताकडे पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशी तुळसाने शेजारी बसून वारा घातला तेव्हा जेवला. तेव्हापासून वारा घातल्याशिवाय जेवत नाही. ऑक्टोबरची उन्हं सुरू झाली तसा तो हंड्याखालच्या ओलाव्यात जाऊन पडला, म्हणून आम्ही पाणी भरायचं ठिकाण बदललं. केस तर इतके गळतात की घावन तव्यावरून काढून आधी उजेडात धरून बघावं लागतं. आणि विंचरायला ब्रश कुठला, माझी फणी घेतली आहे. मी हल्ली बोटांनी भांग पाडतो.

हेही सोसलं असतं. पण पाच महिन्यांत हे जनावर एकदाही भुंकलेलं नाही. आल्या आल्या परसात एका हुप्प्याने त्याच्या कानाखाली एक दिली. हा जो आत आला तो भाताच्या कणगीमागे जाऊन बसला, अजून परसाच्या दाराकडे बघत नाही. आणि इकडे त्याच्या आज्याची गोष्ट मी देवळात बसून स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. पोस्ट आमच्या पडवीतच, दिवसभर माणसं येणार. एकदा खालच्या वाडीतली चिमा मनिऑर्डर घ्यायला आली आणि म्हणाली, मास्तर, कुत्रा आवाज कसा करीत नाय, आजारी हाय काय? मी शाईचं पॅड आणायला आत गेलो आणि मला काय झालं देव जाणे, दाराआडून दोनदा भुंकलो. चिमा अंगठा न उठवताच पळाली. आता तिथून मागे फिरायला वाट नाही. पावलं वाजली की मी आत जातो, भुंकतो, मग चष्मा नीट करून बाहेर येतो आणि काय पाहिजे म्हणून विचारतो. दिवसाला पाच-सहा वेळा तरी होतं. घसा कशाने बसला ते आता कळलं असेल. तुळसा म्हणते, पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलंत.

आपले सुभेदार जानू तुम्हाला आठवत असतील, पलटणीत सव्वीस वर्षं काढून आलेले, गावातली एकुलती एक परवान्याची बंदूक त्यांची. त्यांना या कुत्र्याचं नावच सोसत नाही. तुळसा अंगणातून, मेजर, पाय पुसून आत ये, असं ओरडते आणि नेमके तेव्हाच सुभेदार रस्त्याने जात असतात. पलटणीत मेजर सुभेदाराच्या वरचा. म्हातारा आमच्या घरावरून जायचा बंद झाला, पाऊण मैलाचा वळसा घालून देवळात जातो.

आता ऐका. महिनाभर बिबट्या खिंडीतून वाडीत येतोय. चिमाच्या दोन शेळ्या आणि खालच्या वाडीचा एक कुत्रा नेला. परवा रविवारी देवळात गावकी बसली आणि सुभेदार उभे राहिले. म्हणाले, मास्तरांचा मेजर खिंडीत बांधा, त्याचा आजा लांडगा, तो भुंकला की बिबट्या फिरकायचा नाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं, पण भावोजी, सगळा गाव माझ्याकडे कौतुकाने बघत होता. मी म्हटलं, देवीला कौल लावा. मला वाटलं, देवीला सगळं दिसतं, आमच्या घरात कोण भुंकतं तेही दिसत असणार, ती कशी हो म्हणेल? गुरवाने पाकळ्या लावल्या. त्याचं गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. नवरात्रात देवीच्या दिव्याला तेल आमच्या घरचं जातं, वाटलं जरा तरी जाण ठेवील, पण नाही. येत्या रविवारी संध्याकाळी मेजरला खिंडीत नेऊन बांधायचं ठरलं आहे. जो भुंकत नाही त्याला खिंडीत बांधणं म्हणजे बिबट्याला पान वाढणं.

लिहितोय तर हा माझ्या पायावर हनुवटी टेकून पडला आहे आणि पायाला मुंग्या आल्या आहेत. या मेल्याने माझी फणी नेली, माझा घसा नेला, माझी झोप नेली. पण माझा त्याच्यावर जीव लागला आहे. लिहिताना लाज वाटते, पण लागला आहे.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना जपावं.

आपला मेहुणा (आपल्यामुळे बेजार झालेला),
महिपत

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलं. पोस्टाने टाकलं तर रविवार उलटेल म्हणून आज मुंबईला निघालेल्या बाबूच्या हाती देतो आहे. शनिवारी पोचेल अशी तार करा: 'साहेब परतले. कुत्रा ताबडतोब पाठवा.' मी ती तोंड पाडून सगळ्यांना दाखवीन आणि मेजरला तुमच्याकडे रवाना करीन. शिमगा होईपर्यंत ठेवून घ्या. खोली दहा बाय बाराची आहे हे मला ठाऊक आहे. आम्हालाही कोणी विचारलं नव्हतं.

ता. क. दुसरा. वरची तार करू नका. पाकिटाला खळ लावत होतो तेवढ्यात परसातून सुभेदार आले. म्हातारा बराच वेळ विहिरीपाशी उभा होता आणि त्याच वेळात पुढच्या दारी चिमा येऊन गेली. म्हणजे त्यांनी मला भुंकताना बघितलं. सरळ येऊन बाकावर बसले. मेजर उठून गेला आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून उभा राहिला. पाच मिनिटं ते त्याचा कान खाजवत होते. मग म्हणाले, मास्तर, ह्याला बांधायचा म्हणजे पाप. पण देवीचा कौल हाय, खिंडीत भुंकणं झालं पायजे. तर तुम्हीच चला. मी झाडावर बंदूक घेऊन बसतो. कोणाला सांगायचा नाय. भावोजी, माझं वय सत्तावन्न, मला रक्तदाब आहे. तेव्हा तार अशी करा: 'गंगुबाई अत्यवस्थ. महिपतने तातडीने निघावे.' अक्काला विचारून, तिची हरकत नसेल तरच आजारी पाडा.

ता. क. तिसरा. बाबू फाटकात उभा आहे, घाईत लिहितो. सुभेदारांनी जाताना बजावलं होतं की आवाज खिंडीच्या पार गेला पाहिजे, म्हणून परसात जाऊन जरा मोठ्याने भुंकून बघितलं. मेजर बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि भुंकला. पाच महिन्यांचं साठलेलं एकदम. पपईवरून वानर उडाले, तुळसाच्या हातून घागर पडली. आम्ही दोघांनी धावत जाऊन त्याचं तोंड दाबून धरलं. हा खरंच भुंकतो हे सुभेदारांना कळलं तर रविवारी त्यालाच नेतील, आणि मी मुंबईला पळून आलो तर इथे नाही म्हणायला कोण आहे? बाबूने फाटकातून ओरडून विचारलं, मास्तर, मेजर भुंकला काय? मी म्हटलं, नाही रे, मीच तो, रोज मीच असतो. तो अजून हसतोय आणि संगमेश्वरपर्यंत भेटेल त्याला सांगत जाणार आहे. तेव्हा कुठलीच तार करू नका. रविवारी मी जातो.