तो चौकशीला सहकार्य करतोय

८ जानेवारी
नितीनचा फोन अजून बंदच. सोनाली सारखी विचारते, "ताई, काही कळलं?" माझा भाऊ, तिचा नवरा, आणि दोघींनाही पत्ता नाही. शेवटी त्याच्या युनिटच्या सुभेदारांनी फोन उचलला. स्टोअरमधली अंधारात दिसणारी एक दुर्बीण गायब आहे. नितीन हुद्द्याने नायक, स्टोअर त्याच्या ताब्यात. "वो इन्क्वायरी में सहयोग कर रहे हैं, मॅडम." कुठे? "यहीं." यहीं म्हणजे कुठे? फोन ठेवला.
सहयोग म्हणे.

१० जानेवारी
क्लिनिक बंद ठेवून कॅम्पात. गेटवरचा जवान अगदी सभ्य. स्वेटर घेतला नाही, डबा घेतला नाही. पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, या नावाचा कोणी आत ठेवलेला नाही. मग स्वेटर कशाला नाकारतोस बाबा? असेल तर त्याला दे, नसेल तर तू घाल. हसला नाही.
येताना वाघोलीला, अप्पा आणि सोनाली राहतात तिथे. अप्पांची, माझ्या वडिलांची, अख्खी नोकरी लष्करी पोलिसात गेली. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चौकशीची पद्धत असते. थांबायचं." आत मुलगा कोणाचा आहे? मी ओरडले. सोनालीने दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून.

१५ जानेवारी
भेट मिळाली. जेमतेम. समोर एक तरुण कॅप्टन बसलेला, इस्त्री अशी की बघत राहावं. आमच्यासाठी चहा मागवला.
नितीन आला. हात अंगाशी, दोन्ही मनगटं लोंबलेली. मी जवळ घेतलं, त्याचे हात वर आलेच नाहीत. मी फिजिओ. रोज खांदे आणि मनगटंच बघते. पडूनबिडून एक हात जातो. दोन्ही सारखेच जातात ते कोणी हात वर बांधून टांगून ठेवलं तर. त्याचा चहा गार झाला तसाच.
"कसा आहेस?"
"बरा आहे, ताई." मग थांबून, "आज वार कोणता?"
"गुरुवार."
"सकाळ ना?"
कॅप्टन हसला. "अंदर दिन-रात का पता नहीं चलता." जसं काही हॉटेलचं कौतुक सांगतोय.
 

१६ जानेवारी
अप्पांना सांगितलं. सगळं ऐकून घेतलं, मग एकच प्रश्न. "अंगठे हलवत होता का?"
नस दबली का, हे अंगठ्यावरून कळतं. हा प्रश्न मी पेशंटला विचारते. यांना कसा सुचला?
"तुम्ही केलंय हे?"
"मी दार उघडायचो. आत न्यायचो, बाहेर आणायचो. बाकीचं साहेब लोक बघायचे."
बाहेर आणायचो. म्हणजे अंगठे बघितलेत यांनी. कितीजणांचे, विचारलं. उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. आई गेल्यावर याच माणसाने रोज सकाळी माझी वेणी घातली होती. डोक्यात बसतच नाही.

१९ जानेवारी
शिवाजीनगरला वकीलबाईंकडे. हायकोर्टात अर्ज करता येईल, पण, "ते सांगतील तो कोठडीत नाहीच, ड्युटीवर आहे. मग?" ड्युटी. टांगून घेण्याची. आधी कडक नोटीस जाऊ दे म्हणाल्या. जाऊ दे.
वारज्याला घरी परतले तर लिफ्टमध्ये लेले काकू. "काहीतरी असल्याशिवाय लष्करवाले नेत नाहीत हो." म्हटलं, तुमच्या गुडघ्यालाही काहीतरी असेल, उद्यापासून दुसरीकडे दाखवा.

२४ जानेवारी
सोडलं. दुर्बीण सापडली! दुसऱ्या एका युनिटच्या पेटीत, सरावाहून परतताना त्यांच्या सामानात गेलेली. ती पेटी कोणी उघडून बघितली नव्हती. माझ्या भावाला मात्र उघडून बघितलं.
माफी? "गलतफहमी हो गई." वर रजा. सोनालीने देवापुढे साखर ठेवली. मला त्या साखरेचीही चीड आली.

२८ जानेवारी
रोज संध्याकाळी वाघोली, नितीनचे व्यायाम. नगर रोडचं ट्रॅफिक वेगळंच. शर्टाचं बटण लागत नाही त्याला. चमचा सोनाली धरते, तेव्हा तो दुसरीकडे बघत घास घेतो. आज आपणहून बोलला. विचारणारा माणूस त्याला 'बेटा' म्हणायचा. "बेटा, बोल दे, फिर सो जा." डोळा लागला की अंगावर पाणी. दिवा कायम चालू.
तक्रार करू म्हटलं, तर उठून आतल्या खोलीत गेला. अप्पा म्हणाले, "त्याला नोकरी आहे अजून." म्हटलं, तुम्ही तर बोलूच नका.

३० जानेवारी
तक्रार का नको, त्याचं कारण कळलं. मी मनगट चोळत होते, तो भिंतीकडे बघत होता.
"मी नाव घेतलं, ताई. दिलीपचं."
दिलीप त्याचा स्टोअरमधला जोडीदार, नांदेडकडचा. रविवारी सोनालीच्या हातचं थालीपीठ खायला यायचा. त्याचा काडीचा संबंध नाही.
"मी घेतली म्हटलं, तर म्हणायचे कुठे ठेवली. कुठून सांगू? मग म्हटलं दिलीपला दिली. त्या दिवशी झोपू दिलं."
आणि दिलीपला उचललं. तो अजून हॉस्पिटलमध्ये आहे, काय झालंय कोणी सांगत नाही. "मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?"
हात धरून बसले. पण मला नितीनचा राग आला. खरं लिहायचं तर आला. मग त्या बेटावाल्याचा त्याहून जास्त. स्वतःच्या भावाचा राग करायची वेळ आणली त्याने माझ्यावर.

४ फेब्रुवारी
नोटिशीमुळे असेल, चौकशी बसली आहे. या वेळी त्यांची. बाहेरून एक कर्नल येणार. नितीन आणि दिलीप, दोघांना सोमवारी बोलावलंय, कोणाविरुद्ध काही म्हणणं आहे का म्हणून. नितीन म्हणतो, "नाही म्हणून सांगणार." वकीलबाई म्हणतात, त्याने नाही म्हटलं की विषय संपला.
मी गप्प. 'बोल, बोल' म्हणणारी माणसं त्याने पुष्कळ बघितली आहेत. पण जीभ चावून चावून दुखायला लागली.

९ फेब्रुवारी
सकाळी अप्पा पोह्यांची बशी घेऊन नितीनसमोर बसले. स्वतः भरवले. म्हणाले, "सांगणार असशील तर नाव आणि हुद्दा, दोन्ही सांग. नुसतं 'एक साहेब' म्हटलं की मिटवून टाकतात. मी बघितलंय." नितीनने घास गिळला. मला अप्पांचा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. पण गाडीत घेतलं त्यांना.
वऱ्हांड्यात बाक. दिलीप आधीच बसलेला, शेजारी त्याची बायको. शर्ट केवढा सैल झालाय. नितीन लांबच थबकला. मग जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दिलीपच्या डाव्या हाताला बसला, आणि खाली मान घालून बोलत राहिला. बराच वेळ. दिलीप समोर भिंतीकडे बघत होता. वळला नाही, हूं की चूं नाही. मनात म्हटलं, बरोबर आहे, कशाला बोलेल.
त्याची बायको उठली. "भाऊ, त्या कानानं काहीच ऐकू येत नाही त्यांना आता. इकडून बोला." आणि तिने आपली जागा रिकामी करून दिली.
नितीनचा चेहरा बघवेना. उठला, दिलीपला वळसा घालून तिच्या जागी बसला. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. तोंड उघडतोय तोच आतून त्याचं नाव पुकारलं.
उभा राहिला. वाकून दिलीपच्या कानाशी काहीतरी म्हणाला. दोन शब्द असतील, तीन असतील. दिलीपने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही.
नितीन आत गेला. बाकावर मी, अप्पा, दिलीप, त्याची बायको. आतून नाव आणि हुद्दा ऐकू येतो का, म्हणून मी कान लावून. दार बंद आहे.