टाळ्या वाजवून उडवलेले तुतवार

ती. बाबा,

आधी पाय उशीवर ठेवा, मग वाचा. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, पण आज डोकं फिरलंय.

चिखलातल्या तुतवार पक्ष्यांच्या दोन जाती अगदी सारख्या दिसतात. पांढरी भुवई डोळ्याच्या मागे जाते का, हे बघत थांबलं की कळतं. आमच्या पक्षीगणनेच्या साहेबांना कुठला धीर! टाळ्या वाजवून सगळे उडवले. पंख खालून काळे की फिकट ते दिसलं, जात कळली, झालं काम, चला चहाला! लांबून उपाशी आलेले जीव ते, आत्ता कुठे खायला बसले होते. मी तोंडावर बोलले. आता साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नको तर नको.

प्लास्टर काढल्यापासून जो येतो तो तुम्हाला ‘जरा चालून दाखवा’ म्हणतो, असं आई सांगत होती. सूज उतरली का? खरं सांगा.

कुणी कितीही टाळ्या वाजवू देत, उठायचं नाही.

तुमची चिडकी