जपानी तव्याचा शेजार

सोम. ३ नोव्हें. ९७
सलीमने शेवटी गाडा लावलाच. भिगवण रोडच्या खाऊ चौकात, माझ्या मटण-भाकरीच्या गाड्याला खेटून. मधे फक्त सगळ्यांचं मिळून असलेलं कडप्प्याचं टेबल. पाटी रंगवून आणलीय: 'हलाल जपानी तवा'. पाच वर्षं दुबईला जपानी हॉटेलात कोबी चिरला, आणि आता जपानी झाला. जळोचीच्या शाळेत माझ्या पाटीवरून पाढे उतरवायचा. पूर्ण नाव लिहायलाही जिवावर येतं. पुढं नुसतं स.

हलाल वाचून तर हसूच आलं. माझं मटण काय वेगळं आहे? आमच्या घरी आजोबांच्या मेंढरांपासून मुलाण्याने नाव घेऊन कापल्याशिवाय चुलीवर काही चढत नाही. आजही पहाटे स.चे वडील, हसनचाचा, येऊन माझा बोकड कापून गेले, आपला वाटा घेऊन. नऊ वर्षं गाडा चालवतोय, पाटीवर लिहायचं मला सुचलं नाही. याला पहिल्याच दिवशी सुचलं.

रवि. ९ नोव्हें.
त्या आवाजाने डोकं उठलंय. लोखंडी तवा लाल होईपर्यंत तापवतो, लाकडी पाटावर ठेवतो, कोबीचं पान, भात, चिकन, आणि गिऱ्हाइकासमोर आणून वरून काळा रस ओततो. चर्रर्र. वाफ छपरापर्यंत. सगळा चौक माना वळवतो. माझ्या रस्स्यात भाकरी कुस्करत बसलेलेसुद्धा. एकाचा तर घास हातात तसाच.

संध्याकाळी सिंधू आली. स.ने "वहिनी, बसा की" म्हणून एक तवा समोर ठेवला. नवऱ्याचा गाडा दोन हातांवर आणि ही तिथं फुंकर मारमारून खातेय. घरी जाताना म्हणाली, "आवो, खायाच्या आधी कानालाच गोड लागतंय." बारा वर्षांच्या संसारात माझ्या रस्स्याला असं काही म्हणाली नाही.

शुक्र. १४ नोव्हें.
दुपारी स. माझ्याकडं चहाला. आपणहून रसाचं गुपित सांगितलं. दुबईत त्या रसात तांदळाची दारू पडायची. हा ते भांडं हातात धरायचा नाही, म्हणून दोनदा नोकरीवर बेतलं. इथं करायला घेतलं तर दारूशिवाय ती चकाकी येईना, गोडी बसेना. गूळ घातला, करपला. साखर घातली, पाक झाला.

मी सहज म्हणालो, काकवी घालून बघ. कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळात माझा मावसभाऊ आहे, किटली भरून आणून दिली. स.ने चाखलं आणि डोळे मिटून बसला. "गड्या दत्तू, झालं की रं काम."
बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. मग संध्याकाळी माझ्याच काकवीवर चौकाच्या माना वळताना बघितल्या आणि सगळं बरं वाटणं उतरलं.

गुरु. ४ डिसें.
मार्गशीर्षातला गुरुवार. मटणाला कुत्रं विचारत नाही. दरवर्षीचंच आहे, मी या दिवशी भांडी घासून घेतो. स.ने भाज्यांचे वेगळे तवे काढले, वेगळी उलथनी, हिरवा दोरा बांधलेली. कॉलेजची पोरं रांगेत. मी पातेलं घासत होतो. ते आधीच लख्ख होतं.

शनि. ६ डिसें.
काकवी संपली म्हणून स.चा निरोप. कोऱ्हाळ्याला गेलो, पण किटली सिंधूने ताकाला घेतलेली. भंगारवाल्याकडच्या दोन रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन नेल्या. आमच्यात तेल, काकवी, रॉकेल, सगळं त्यातच भरतात, कुणाला काही वाटत नाही. रमच्या होत्या. लेबल निघेना.
स. म्हणाला, लेबल काढ की. मी म्हणालो, कोण बघतंय? तो डब्यात ओतून घेणार होता, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

रवि. ७ डिसें.
आज जे झालं ते लिहून ठेवतो.
गॅरेजवाले शौकतभाई माझ्याकडं बसले होते. जुनं गिऱ्हाईक, पाच वेळचे नमाजी, त्यांच्या शब्दावर पन्नास माणसं चालतात. स.ने शेजारच्या गिऱ्हाइकाला तवा आणला, घाईत बाटली उचलली आणि तशीच ओतली. चर्रर्र. लेबल आमच्याकडं. शौकतभाईंचा घास थांबला. मला हळूच विचारलं, "दत्तू, त्यो बाटलीतनं काय वततोय?"

काकवी. तीन अक्षरं. मीच आणलेली.
मी म्हणालो, "त्यालाच विचारा."

ते काही विचारायला गेले नाहीत. हात धुऊन उठले. मी त्यांचं ताट उचललं.

शुक्र. १२ डिसें.
नमाजनंतर स.कडं नेहमी गर्दी. आज टेबल मोकळं. 'जपानी रसात दारू असतीच', असं कुणी कुणी दुबईला जाऊन आलेले सांगतात म्हणे. आणि ते खरंही आहे, तिथं असते. म्हणून तर पटकन पटतं.
चार जण माझ्याकडं आले. रस्सा कमी पडला. आज खूश होतो. लिहायची लाज वाटते, पण होतो.

सोम. १५ डिसें.
मालेगाव रोडचे दोन झिंगलेले स.कडं आले. "जरा रस जास्त घाला." त्याने हाकलून दिलं तरी बाकावर बसून राहिले. येणाराजाणारा बघत होता. एरवी मी पोट धरून हसलो असतो.
स. माझ्याकडं बघत होता. मी कांदा चिरत होतो. बाटल्यांचं एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

बुध. १७ डिसें.
पहाटे हसनचाचा. सुरी दगडावर घासता घासता बोलले, माझ्याकडं न बघता. मशिदीत चार जाणत्यांनी स.ला बोलावून विचारलं. त्याने सांगितलं, काकवी आहे. कुठली, कुणी दिली, तर गप्प.
"मी म्हनलं, आरं नाव सांग की. तर म्हंतो, बाटल्या त्याच्याकडनं आल्या म्हनलं तर लोक त्याचं बी मटान सोडतील. ज्यानं दिली त्यानं सांगावं, मी न्हाय सांगनार."
मी बोकडाचे पाय धरले होते. चाचांना माहीत आहे की नाही ते कळेना. मग म्हणाले, "घट धर, दत्तू. पाय सुटतोय." नाव घेतलं आणि कापलं.

वाटा न घेताच गेले. पहिल्यांदाच. विसरले असतील.

मंगळ. ३० डिसें.
उद्या-परवा चंद्र दिसेल, रोजे सुरू. याच महिन्यासाठी स.ने वीस तवे जादा करून घेतले होते, रोजा सोडायला गरम तवा. सगळे पोत्यात भरून टेंपोत टाकले. सासरवाडीला, इंदापूरला चाललाय. एस.टी. स्टँडजवळ जागा मिळाली.
पोतं उचलू लागलो. जड होतं. म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तुझं गिऱ्हाईक खोळंबलंय." रागाने म्हणाला असता तर सोसलं असतं. साधंच म्हणाला.

रवि. ४ जाने. ९८
चौकात आता माझाच धंदा. कुणी मान वळवत नाही. मीच दोनदा वळवली.
सिंधू पापड तळत होती. तेलात पापड पडला की आवाज होतो तेवढाच. म्हणाली, "सलीमभावजींनी असं एकाएकी का सोडलं ओ?" म्हटलं, चालेना म्हणून. तिने पुढचा पापड तेलात सोडला.

गुरु. ८ जाने.
इंदापूरहून आलेला कंडक्टर सांगत होता, तिथं एकजण जपानी तवा करतो, रोजा सुटायच्या वेळी उभं राहायला जागा नाही. अकलूजचे लोक येतात.
ज्याचं वाटोळं केलं त्याचं बरं चाललंय ऐकून सुटल्यासारखं वाटावं की नाही? नाही वाटलं. मग काकवी कुठली वापरतो, हा विचार आला, आणि त्याने जास्त दुखलं.

रवि. ११ जाने.
गाडा बंद ठेवून इंदापूरला गेलो. किटलीत काकवी. या वेळी किटलीत.
गर्दी खरीच होती. स.ने बघितलं, तवा लावला, माझ्यासमोर ठेवला, रस ओतला. चर्रर्र. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा खाल्लं. सिंधूचं खरं आहे. आल्याचा झटका, लसूण, आणि खाली काकवी, कोऱ्हाळ्याचीच वाटली.

शेजारच्या म्हाताऱ्याने स.ला विचारलं, ह्यात गोड काय घालतोस रं? स.ने माझ्याकडं बोट केलं. "त्यालाच विचारा."

माझेच शब्द. कुणी सांगितले याला? शौकतभाईंनी? की तेव्हाच ऐकले होते, तवा हातात धरून, दोन हातांवरून?
म्हटलं, "काकवी हाय. मी देतो आणून. पयल्यापासनं मीच देतोय." म्हातारा मान हलवून खायला लागला. एवढंच. किती सोपं होतं.
बसपर्यंत स. सोडायला आला. किटली घेतली नाही. म्हणाला, "हितं सांगून काय उपेग, दत्तू? हितं दारूचं कुनी इचारलंच नव्हतं."
परत येशील का, विचारायचं होतं. बस सुटली.

सोम. १२ जाने.
सोमवार, गिऱ्हाईक बेताचंच. शौकतभाई मात्र रोजा सोडून, नमाज करून येतात. साडेसहापर्यंत.
सकाळी हसनचाचांनी वाटा आजही घेतला नाही. विसरत नाहीत ते.

स.च्या मागं राहिलेली रमची दुसरी बाटली दुपारी माळ्यावरून काढली. किटलीतली काकवी तिच्यात भरली. गाड्यावर, मिठाच्या डब्याशेजारी ठेवलीय, लेबल बाहेर. शौकतभाई बघतील. विचारतील. मग सांगावंच लागेल, आणि सांगितलं की ही पन्नास माणसं माझ्याकडं जेवतील की नाही कोण जाणे. जेवली तरी स. परत येईल. इथंच, दोन हातांवर. आणि पुन्हा तो आवाज, पुन्हा सगळ्यांच्या माना. तेही नको वाटतंय, आणि चाचांनी वाटा न घेता जाणंही.

मघाशी लेबल आत फिरवलं होतं. परत बाहेर केलं.
साडेपाच झालेत. सिंधू भाकरी थापतेय. बाटली अजून तिथंच आहे.