गुरुजींनी अन्न सोडलं म्हणे

सोम. २७ ऑक्टो.
रोज काय खाल्लं ते लिहायचं, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. म्हणून ही वही. लेकीची, मुक्ताच्या कॉलेजातली, मागची पानं कोरी होती.
रक्ताचा रिपोर्ट आला. श्रावणात आजार कळला तेव्हापेक्षा आकडा उतरलाय, पण हवा तितका नाही. बाई म्हणाल्या, "गुरुजी, कहीं न कहीं से गेहूँ जा रहा है." मी पंख्याकडे बघत बसलो.
आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गहू नाही, जव नाही, जन्मभर. एक कणसुद्धा आतडं खरवडतो म्हणे. औषध नाही, पथ्य हेच औषध. आणि मी कोण, तर काशीतला भिक्षुक. तीस वर्षं लोकांच्या घरी पुरी-लाडू खाऊन आशीर्वाद दिले.
सकाळी ज्वारीची भाकरी, दूध. दुपारी भात, वरण, भोपळा. पोट ठीक.

गुरु. ३० ऑक्टो.
चोर सापडला! हिंग! सौ.ने चष्मा लावून डबीवरची बारीक अक्षरं वाचली, त्यात चक्क गव्हाचं पीठ. विंचू धरल्यासारखी दोन बोटांत धरून डबी बाहेर नेऊन ठेवली. मुक्ता म्हणते, "आई, हा तर घर का भेदी निकला." घरात दिवाळी परत आल्यासारखं. मीही हसलो.
पण एकटा हिंग नव्हे. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, आणि दर पूजेला मी बोटाच्या टोकाएवढा घेतोच. पूजा सांगणाऱ्यानेच प्रसाद नाकारायचा? प्रसाद टाकला की काय होतं ते मीच तर कथेत वाचून दाखवतो.
सौ.ला सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही. वहीला सांगतोय.

बुध. ५ नोव्हें. का. पौर्णिमा
तीन पूजा. पकडला गेलो.
तिसरी पूजा मिश्राजींकडे, साड्यांचे व्यापारी, आमचे जुने यजमान. त्यांच्या गच्चीवरून घाटावरचे दिवे छान दिसतात म्हणून मुक्ता बरोबर आली होती. मी द्रोणात बोट घातलं आणि वर बघतो तर मुक्ता समोर. जिन्यात म्हणाली, "बाबा, कब से?"
"अगं, इतकुसा तर असतो."
"आतड्याला काय कळतं प्रसाद आहे म्हणून?"
घरी आल्यावर मुक्ताने सगळं सांगितलं. सौ.ने पानं घेतली, वाढलं. भात संपत आल्यावर म्हणाली, "हिंगाची डबी उगीच बाहेर काढली मी."


गुरु. ६ नोव्हें.
पोट बिघडलं. सकाळपासून चार वेळा. बालाजी घाटावर स्नानालाही गेलो नाही. सौ.ने ताक दिलं, मग तास दीड तास झापलं. "मंत्र म्हणायला आवाज आहे, यजमानांना दोन शब्द सांगायला नाही?"
कबूल केलं. सांगतो.

शनि. १५ नोव्हें. एकादशी
हल्ली माझी सगळ्यात लाडकी तिथी. आज अख्खी काशी माझ्या पंगतीला. शिंगाडा, साबुदाणा, राजगिरा. (शिंगाडे सौ. घरीच दळते. चक्कीवर नाही, तिथे गव्हाची धूळ.)
मिश्राजींना सांगायला गेलो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं. म्हटलं, "मिश्राजी, अब हम गेहूँ नहीं लेते. प्रसाद में भी..." एवढंच झालं. त्यांनी गादीवरून उठून हात जोडले. "अरे महाराज! व्रत लिए हैं?"
मी हो म्हटलं की नुसता घसा खाकरला, खरंच आठवत नाही. त्यांनी हो ऐकलं.

मंगळ. १८ नोव्हें.
गल्लीभर झालंय. "गुरुजी अन्न त्याग दिए." पानवाल्याने उठून नमस्कार केला. दूधवाला म्हणतो, मलईचं दूध आपल्यासाठी वेगळं काढून ठेवलंय. दोन पूजांना गेलो, कोणी पुरीचा आग्रह केला नाही. केळी, पेढे, वर मलइयोचं मडकं. थंडी सुरू झाली की काशीत हे दुधाच्या फेसाचं मलइयो मिळतं. गव्हाशी काडीचा संबंध नाही. देव आहे.
सौ. हसून बेजार. पण दुपारी भात वाढताना गल्लीकडची खिडकी लावून घेते. "तपस्व्याला दुसऱ्यांदा भात वाढताना कोणी बघायला नको."

रवि. ३० नोव्हें.
पोट ठीक, सलग तेवीस दिवस. चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, दोन वाट्या, तुपात, वर लिंबू. वजन दोन किलोंनी वाढलं. सोवळ्याची गाठ सैल बांधावी लागते. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या न थांबता चढलो, वर्षभरात पहिल्यांदा. वर पोचून उगाच एकदा खाली उतरलो आणि परत चढलो.
व्रताचं मनाला लागतं अधूनमधून. पण मी खोटं बोललेलो नाही. फक्त खरं सांगितलं नाही. (मुक्ता म्हणते, ही वकिली आहे.)

गुरु. ४ डिसें. मार्ग. पौर्णिमा
दूधविनायकाला गोखल्यांकडे पूजा. लीलावहिनी, त्यांचा शेखर रेल्वेत, सून अनघा जबलपूरची, लग्नाला दोन वर्षं. पोरगी पार वाळून गेलीय. आरतीला उभी होती, मध्येच भिंत धरून खाली बसली. वहिनी सांगत होत्या, रक्त वाढतच नाही, गोळ्या घेऊन घेऊन कंटाळली. तोंड आलेलं असतं. जेवली की पोट फुगतं. "खाण्याचे नखरे आहेत झालं," म्हणाल्या, पण काळजीने म्हणाल्या.
मला माझंच गेलं वर्ष ऐकल्यासारखं वाटलं.
मग वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या चेहऱ्यावर व्रताचं तेज आलंय. हिलाही तेच व्रत द्या ना. संकल्प आजच सोडू."
अनघा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मुहूर्त बघून सांगतो. मुहूर्त!

शुक्र. ५ डिसें.
चैन नाही. व्रत देऊन टाकलं तर? गहू सुटेल, पोरीला बरं वाटेल, माझी अब्रूही राहील. सगळ्यांचं भलं. सौ.ला बोलून दाखवलं. तिने सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.
बाई कडाडल्या. "बिल्कुल नहीं! गहू आधी बंद केला तर तपासणीत काही दिसणारच नाही. आधी तपासणी, तोवर पोळी चालू. और गुरुजी, दूसरा कुछ भी हो सकता है. तुम्ही डॉक्टर नाही."
म्हणजे त्या मुलीला पोळी खा म्हणून सांगायचं. आणि का, तेही सांगायचं.

शनि. ६ डिसें.
सांगितलं.
सौ. बरोबर आली. वहिनींनी पाट मांडले, मी उभ्याउभ्याच बोललो, बसलो असतो तर राहून गेलं असतं. "वहिनी, माझं व्रत वगैरे काही नाही. मला आजार आहे. गहू पचत नाही."
"मग लोक पाया पडतात ते?"
"मी पडू दिलं. चुकलं माझं."
वहिनींचं तोंड उतरलं. पदराची कड चाळत बसल्या. मग मी बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रक्ताची तपासणी, लागली तर दुर्बिणीची. तोवर जेवण बदलायचं नाही.
अनघा एकदम हसायला लागली. "म्हणजे काका, माझे नखरे नाहीत?"
"असतील, नसतील. आधी रक्त दे."
हसता हसता डोळे पुसत होती. शेखरने तिथल्या तिथे उद्याची वेळ घेतली. निघताना वहिनींनी मला नमस्कार केला नाही. सौ.ला मात्र कुंकू लावलं.

बुध. १० डिसें.
गल्लीला कळलं. पानवाला आता बसूनच नमस्कार करतो. एका यजमानांनी पुढची पूजा दुसऱ्या गुरुजींना दिली, "रोगी ब्राह्मण" म्हणाले असं कानावर आलं. लागलं. दुपारी जेवण गेलं नाही. सौ.ने खिडकी सताड उघडली आणि मोठ्याने विचारलं, "भात वाढू का अजून?" मग मात्र गेलं.
मिश्राजींकडे स्वतः गेलो, गिऱ्हाईक नसताना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच, "हमको तो बताते महाराज." वाईट वाटलं असावं.

शनि. २० डिसें.
अनघाचा रक्ताचा रिपोर्ट संशयास्पद. दुर्बिणीची तारीख जानेवारीतली. तोवर पोळी चालू. तिचा फोन, "काका, शेवटचे दिवस असतील म्हणून रोज कचौरी-जलेबी खातेय. पोट दुखतं, पण मजा येते." मी म्हटलं, मला ऐकवू नकोस. वास येतो फोनमधून.

शनि. ३ जाने. पौष पौर्णिमा
मिश्राजींकडे पूजा. बोलावतील असं वाटलं नव्हतं. प्रसादाचं पातेलं झाकलेलं. मिश्राइनजी म्हणाल्या, "सिंघाड़े का है. घर में पीसे हैं. कढ़ाई भी नई है." सगळ्यांनाच तो दिला, मला एकट्याला वेगळा नाही. द्रोणभर खाल्ला, बोट चाटून. गच्च गोड.
मिश्राजी म्हणाले, "महाराज, आज कथा में आवाज बहुत खुला था."

बुध. ७ जाने.
अनघाची दुर्बीण झाली. आतड्याचा तुकडा तपासायला पाठवलाय. सोमवारी कळेल.

रवि. ११ जाने.
सकाळी लीलावहिनी आणि अनघा घरी. धुकं इतकं की दारात उभ्या राहीपर्यंत दिसल्या नाहीत. त्या दिवसानंतर वहिनी पहिल्यांदाच आल्या. सौ.कडून ज्वारीची भाकरी शिकायची होती, "लागलीच तर असावी." पहिल्या तीन थापताना मोडल्या. चौथी फुगली तेव्हा दोघी पोरींसारख्या ओरडल्या.
मग वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "गुरुजी, उद्याच्यासाठी जप करा."
बसलो. हातावर पळीभर पाणी घेतलं, आणि संकल्प अडला. मागायचं काय? आजार निघू दे म्हणू की निघू नये म्हणू? निघाला तर जन्मभर पथ्य, पण रस्ता सापडला. नाही निघाला तर पोरगी परत अंधारात. वहिनींना विचारलं. त्यांनाही सांगता येईना.
अनघा दारातून म्हणाली, "काका, मला पोटभर जेवता येऊ दे, एवढंच म्हणा ना."
संस्कृतात बसवायला वेळ लागला. म्हटलं, आणि पाणी सोडलं.
अकरा माळा झाल्या. रिपोर्ट उद्या दुपारी.